आकड्याला काय लावायचं?

मागच्या थंडीत भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. मूळचा हुक्केरीचा, आता पेनसिल्व्हेनियात असतो. त्याचा चेहरा दिसायच्या आधी तारेचा एक लांबडा पिंजरा दिसला आणि पिंजऱ्यात एक जाडजूड पिवळं मांजर. गळ्यात पट्टा, पट्ट्याला घुंगरू.

"मामा, शेजाऱ्यांचं आहे. दुसऱ्यांदा घावलंय."

पिंजरा लावला होता रॅकूनसाठी. त्याच्या घराच्या माळ्यावर रात्री कोणीतरी फर्निचर हलवल्यासारखा आवाज करत होतं, म्हणून पिंजऱ्यात टूना माशाचा डबा उघडून ठेवला. दोन रात्री, दोन्ही वेळा हेच मांजर. शेवटी पिंजरा विकणाऱ्या दुकानदारानं सांगितलं की मासा काढ आणि मार्शमेलो ठेव. मार्शमेलो म्हणजे साखर, जिलेटीन आणि व्हॅनिलाचा तो पांढरा, कापसासारखा गोळा. भाच्याला पटेना. मासा टाकून साखरेच्या बोळ्यावर कोण येणार? मी शाळेत विज्ञान शिकवायचो, त्यामुळं घराण्यातले असले सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. फोन ठेवला आणि लक्षात आलं, आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घरातही मी वर्षानुवर्षं तीच चूक करत आलोय. उंदराच्या पिंजऱ्याच्या आकड्याला सुकटीचा तुकडा अडकवायचा आणि सकाळी आत चिचुंद्री बघून कपाळाला हात लावायचा.

आपण समजतो की सापळ्यात ठेवलेल्या खाण्याचा वास जनावराला ओढून आणतो, म्हणून जितका वास उग्र तितकं चांगलं. पण वासाचा मोठा उपयोग ओढण्यापेक्षा निवडण्याचा आहे. कोणाला हाक मारायची नाही, हे आधी ठरवावं लागतं.

रॅकून आपल्याकडे नाही. तो मूळचा उत्तर अमेरिकेचा. डोळ्यांवरून काळी पट्टी, शेपटीवर काळीपांढरी कडी, मांजरापेक्षा चांगलाच मोठा, निशाचर. मका, फळं, अंडी, बेडूक, खेकडे, कचऱ्याचा डबा, काहीही चालतं. आपल्याकडे कौलारू घरात कांडेचोर, म्हणजे उदमांजर, जी दहशत घालतो, तीच तिथं रॅकून घालतो, फक्त त्याचे हात जास्त चालतात. मांजराचं तसं नाही. मांजर पक्कं मांसाहारी, आणि त्याला गोड चव कळतच नाही. हे कोडं २००५ मध्ये भाच्याच्याच राज्यात, फिलाडेल्फियातल्या मोनेल या चव आणि वास अभ्यासणाऱ्या संस्थेत सुटलं. जिभेवर गोड ओळखणारा जो ग्राही असतो, तो दोन भाग जुळून बनतो. त्यातल्या एका भागाचा जनुक मांजराच्या कुळात मोडून पडलाय. वाघातही, चित्त्यातही. मांजरापुढं साखरेचं पाणी आणि साधं पाणी ठेवलं तर त्याच्या लेखी दोन्ही एकच.

तेव्हा मार्शमेलो रॅकूनला माशापेक्षा जास्त आवडतो असं मुळीच नाही. मासाही त्याला तितकाच प्रिय. पण माशाची हाक रॅकून, मांजर, गल्लीतली कुत्री अशी सगळीच ऐकतात, आणि मार्शमेलोची हाक मांजराच्या दृष्टीनं रिकामी असते. शिवाय तो पांढरा असल्यानं अंधारातही दिसतो.

इथं बेळगावकरांच्या मनात प्रश्न येणारच, बहिणीच्याही आला: मग कुंदा ठेवला तर? नको. कुंद्यात साखर असली तरी त्याचा जीव आटवलेल्या दुधात आहे. मांजराला त्यातला गोडवा कळणार नाही, पण दुधाचा स्निग्धांश आणि प्रथिनं बरोबर कळतील. मांजर गोडासाठी पेढा खात नाही, दुधासाठी खातं. करदंट, म्हणजे डिंक, सुकामेवा आणि गुळाची वडी, कदाचित चालेल, पण गोकाकचं करदंट रॅकूनला घालण्याइतकी उदारता आमच्या घराण्यात नाही.

आता वास म्हणजे काय ते थोडं बघू. एखाद्या पदार्थाचे हलके रेणू सुटून हवेत उडतात आणि नाकात पोचतात, तो वास. उडायला हलके हवेत आणि थोडी ऊब हवी. कच्चे शेंगदाणे मुठीत धरा, जवळपास काही नाही. तेच शेंगदाणे लोखंडी कढईत भाजा, गल्लीच्या तोंडाला माणूस थांबून विचारतो. भाजताना दाण्यातली साखर आणि प्रथिनं एकमेकांशी भिडतात आणि पायराझिन नावाच्या कुळातले रेणू तयार होतात. हे रेणू हवेत अगदी कणभर असले तरी नाकाला कळतात. सुक्या मासळीचा वास वेगळ्या रेणूचा, ट्रायमिथाइलअमाइनचा. तेलातुपाचं काम आणखी वेगळं. वासाचे बरेचसे रेणू तेलात विरघळतात आणि तिथून सावकाश सुटतात. म्हणून चपातीच्या कोरड्या तुकड्याचा वास तासाभरात मरतो आणि तुपात बुडवलेल्या तुकड्याचा पहाटेपर्यंत टिकतो. आमची आई आकड्याला लावायचा तुकडा तव्यावर तुपात परतूनच लावायची. रसायनशास्त्र तिला कोणी शिकवलं नव्हतं.

सापळा लावण्यात मुरलेली माणसं वासाची दोन कामं वेगळी ठेवतात. एक लांबची हाक, दुसरा जवळचा घास. हाक म्हणजे दोनचार थेंब तेल, बडीशेपेसारख्या वासाचं किंवा माशाचं, चिंधीवर टाकून उंचावर लावलेलं, वाऱ्यावर जाणारं. घास म्हणजे आत ठेवलेलं खाणं. आपण दोन्ही कामं एकाच भज्यावर टाकतो आणि मग भजं दोन्हीत कमी पडतं.

वास पाण्यावर तेल पसरावं तसा चारी बाजूंनी सारखा पसरत नाही. तो धाग्याधाग्यांनी, तुटत, वळत जातो. जनावर त्या धाग्यांतून वाट काढतं. ती कशी, याचं एक सुरेख उत्तर आपल्याच राज्यातून आलंय. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत उपिंदर भल्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना शिकवलं की वास डावीकडून आला तर डावीकडचं पाणी प्यायचं, उजवीकडून आला तर उजवीकडचं. उंदीर एकदोन हुंगण्यांतच, सेकंदाच्या विसाव्या भागात, बरोबर दिशा ओळखू लागले. एक नाकपुडी बंद केली की गोंधळले. म्हणजे आपण दोन कानांनी आवाजाची दिशा ओळखतो, तशी उंदीर दोन नाकपुड्यांनी वासाची ओळखतो. २००६ चं हे संशोधन. नाकात वास टिपणाऱ्या ग्राहींचे जनुक असतात, ते माणसात कामाचे सुमारे ४००, उंदरात हजाराच्या वर. हे जनुक रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांनी १९९१ मध्ये शोधले, तेही उंदराच्याच नाकात, आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

शेतात याचा साधा उपयोग असा. निवांत रात्री जमीन थंड होते तशी तिच्यालगतची हवा थंड आणि जड होऊन उताराकडे ओघळते, आणि वास तिच्याबरोबर खाली जातो. म्हणून पिंजरा बिळाच्या वरच्या अंगाला ठेवावा, खालच्या नव्हे. घरात मात्र या शहाणपणाचा उपयोग नाही. घरातला उंदीर भिंतीला अंग घासतच पळतो. खोलीच्या मधोमध तुपाची कढई ठेवली तरी तो उघड्यावर सहजी यायचा नाही. पिंजरा भिंतीला लावून, तोंड त्याच्या वाटेवर, एवढं पुरे.

रॅकूनकडे परत जातो, कारण त्याच्या बाबतीत नाकाइतकंच हाताचं प्रकरण आहे. त्याच्या पुढच्या पंजांना बोटं आहेत, आणि मेंदूतला स्पर्श सांभाळणारा मोठा भाग त्या पंजांनी अडवलाय. त्याचं इंग्रजी नावच मुळी तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलंय, हातानं ओरबाडणारा अशा अर्थाचं. तो खाणं पाण्यात धुतो अशी समजूत आहे आणि शास्त्रीय नावातही धुणारा आहेच. प्रत्यक्षात पंजा ओला झाला की त्याची जाणीव आणखी तीक्ष्ण होते, तो पाण्यात चाचपून बघत असतो. त्यामुळं पिंजऱ्यात खाणं जाळीला चिकटून ठेवलं तर गडी आत येतच नाही. बाहेर बसून जाळीतून हात घालतो, एकेक मार्शमेलो काढतो, खातो, जातो. भाच्याची तिसरी रात्र अशीच गेली. उपाय म्हणजे घास चापाच्या फळीच्या पलीकडे, मधोमध ठेवायचा आणि पिंजऱ्याच्या त्या टोकाला बाहेरून बारीक जाळी गुंडाळायची. दारापासून आतपर्यंत लहान लहान तुकडे टाकायचे, म्हणजे हुंगत हुंगत, चाचपत तो आत जातो.

या हाताचाच फायदा घेणारा एक सापळा तिकडे मिळतो. अरुंद नळी, तळाशी खाणं, वरून आत हात घालून ओढलं तरच चाप सुटतो. कुत्र्यामांजराला असं मुठीनं ओढता येत नाही, म्हणून ती सुटतात. वास सगळ्यांना येतो, पण कुलूप फक्त हातवाल्याला लागतं. कल्पना हुशार आहे. पण त्यात पंजा अडकून जनावर रात्रभर तसंच राहतं, ते मला बघवत नाही. आपल्याकडच्या चिकट पुठ्ठ्यांबद्दलही माझं हेच मत आहे.

आता आपला उंदीर. आणि घूस.

आमच्या लहानपणी पिंजरा लावताना घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही असा दंडक होता. उंदीर ऐकतो म्हणे. एकदा आजीनं मला "उंदराला" म्हणताना पकडलं आणि डोळे मोठे केले. "मामाला" म्हणायचं. या समजुतीमागं खरं निरीक्षण होतं, कारण लावलेलं असायचं मात्र चुकीचं. पिंजरा लावला की पहिले दोनतीन दिवस उंदीर खरंच फिरकत नाही. त्याला बातमी लागलेली नसते. त्याच्या रोजच्या वाटेवर काल नव्हती अशी वस्तू आज आहे, एवढंच त्याला पुरतं. घरात राहणारा मोठा उंदीर आणि घूस नव्या वस्तूला बिचकतात. लहान घरउंदीर उलट चौकस असतो, नवं काही दिसलं की जाऊन बघतो, म्हणून तो पहिल्याच रात्री सापडतो आणि आपल्याला वाटतं की आपण फार हुशार.

बिचकणाऱ्याला वासानं जिंकता येत नाही, सवयीनं जिंकता येतं. पिंजऱ्याचं दार सुतळीनं उघडं बांधून ठेवायचं. आत रोज तेच खाणं ठेवायचं, तीनचार रात्री. पहिल्या रात्री तसंच राहील. दुसऱ्या रात्री दारातलं जाईल. चौथ्या रात्री आकड्याचं गेलं, की पाचव्या रात्री सुतळी सोडायची. शेतात उंदरासाठी विषारी आमिष ठेवतानाही आधी दोनतीन दिवस बिनविषारी ठेवा असं कृषी खात्याची माणसं सांगतात, त्याचं कारण हेच. आपल्याला धीर नसतो. आपण पिंजरा आणतो आणि त्याच रात्री उंदीर मागतो.

बिचकण्याच्या पुढची पायरी म्हणजे आठवण. १९५५ मध्ये जॉन गार्सिया यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. उंदरांना गोड पाणी दिलं आणि त्याच वेळी किरणोत्सारानं त्यांना मळमळेल असं केलं. नंतर त्या उंदरांनी गोड पाणी टाळलं. पुढच्या प्रयोगांत दिसलं की पोट बिघडलं की उंदीर त्याचा संबंध चवीशी लावतो, दिव्याशी किंवा आवाजाशी नाही, आणि खाणं व त्रास यांत काही तास गेले तरी लावतो. उंदराला ओकता येत नाही. पोटात गेलेलं परत येत नाही, म्हणून त्याच्या जातीला ही आठवण जपावीच लागली. झिंक फॉस्फाइडसारखं लगेच लागणारं विष अर्धवट खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही तो यामुळं. ब्रोमाडायोलोनसारख्या विषाचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात, तोवर काय खाल्लं होतं याच्याशी संबंध जुळत नाही.

आणि एक मेला की बाकीचे शहाणे होतात, हे? ते मात्र चुकीचं आहे, आणि त्यामागची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत आवडते. कॅनडातले बेनेट गेलेफ यांनी वर्षानुवर्षं उंदीर एकमेकांकडून काय शिकतात ते पाहिलं. बाहेरून खाऊन आलेल्या उंदराचं तोंड दुसरे उंदीर हुंगतात. मग त्याच वासाचं खाणं कुठं दिसलं तर ते बिनधास्त खातात. पण नुसता खाण्याचा वास पुरत नाही, तो श्वासाबरोबर आलेला लागतो. उंदराच्या श्वासात कार्बन डायसल्फाइड नावाचा वायू किंचित असतो. १९८८ मध्ये गेलेफ आणि मोनेलमधल्या मंडळींनी दाखवलं की खाण्याच्या वासाला या वायूची जोड दिली की उंदराला ते खाणं ओळखीचं वाटू लागतं. जणू कोणीतरी सांगितलं, मी खाल्लंय, खा. गंमत म्हणजे सांगणारा उंदीर आजारी असला तरी ऐकणारे सहसा बिचकत नाहीत. उंदरांच्या गप्पांत "हे चांगलं आहे" एवढंच सांगता येतं, "हे वाईट आहे" सांगायची सोय जवळपास नाही. आमिष टाळतो तो वाचलेला, स्वतः भोगलेला उंदीर.

म्हणून पिंजऱ्यात सतत नवे पदार्थ बदलत राहणं चुकीचं. आज भजं, उद्या खोबरं, परवा टोमॅटो असं केलं तर ओळख व्हायला वेळच मिळत नाही. घरातले उंदीर जे आधीपासून चोरून खात असतात, तेच आकड्याला लावावं. किराणा दुकानात तांदळाच्या पोत्याला भोक पडलं असेल तर तांदूळच, थोडे तेलात परतून.

बहिणीच्या उसात हे गणित फिरतं. अथणी, चिकोडी, हुक्केरीकडे उसात घुशी किती नुकसान करतात ते तिकडच्या माणसाला सांगायला नको. बुडखे कुरतडतात, ऊस लोळतो, बांधाला भगदाडं पडून पाणी भलतीकडे जातं. मेव्हण्यांनी एकदा गुळाचे खडे ठेवून पिंजरे लावले. उसाच्या फडात गुळाचा खडा! गुऱ्हाळात बसलेल्या माणसाला साखरेची पुडी देण्यासारखं. चहूबाजूंनी गोड असताना गोडाची हाक ऐकायची कोणी? उभ्या फडात नसलेली चीज ठेवावी लागते. ज्वारीचा किंवा मक्याचा भरडा, शेंगतेल लावून. आणि खरं तर वेळ महत्त्वाची. रानात खाणं भरपूर असतं तेव्हा कुठल्याही वासाला किंमत नसते. कापणी झाल्यावर, रान उघडं पडल्यावर, नव्या लावणीआधी पिंजरे आणि आमिष लावलं तर चार पैशांत काम होतं, आणि तेही शेजारच्या सगळ्या बांधांवर एकाच वेळी. नाहीतर आपली घूस गेली की आठवड्यात शेजाऱ्याची येते.

ऑगस्ट २०२२ मधलं बेळगाव आठवतं का? गोल्फ मैदानाच्या आसपास बिबट्या फिरत होता. भागातल्या शाळा बंद, पिंजरे लावलेले, कॅमेरे लावलेले, शिमोग्याच्या सक्रेबैल छावणीतून हत्तीसुद्धा आणले. बिबट्या पिंजऱ्यात काही आला नाही. चहाच्या टपरीवर जो तो वनखात्याला अक्कल शिकवत होता. माझा अंदाज असा की तिथंही उसाच्या फडाचीच गोष्ट होती. मोकाट कुत्री आणि डुकरं असलेल्या मैदानात पिंजऱ्यातल्या खाण्याचं अप्रूप ते काय.

मोठ्या मांजरांसाठी खाण्यापलीकडचा वासही वापरतात. २०१८ मध्ये यवतमाळच्या पांढरकवड्याजवळ नरभक्षक ठरवलेल्या अवनी वाघिणीच्या शोधात 'ऑब्सेशन' नावाचं पुरुषांचं अत्तर फवारलं होतं, ही बातमी तेव्हा जगभर गेली. कल्पना न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातली. तिथं चित्त्यांपुढं वेगवेगळी अत्तरं ठेवून पाहिली, तर याच्यापाशी ते सगळ्यांत जास्त रेंगाळले. यात जवादी मांजराच्या कस्तुरीसारखा एक घटक असतो. भूक लागावी असा हा वास नाही, तर "इथं आणखी कोणीतरी येऊन गेलंय" असं सांगणारा. अवनी मात्र अत्तराला भुलून सापडली नाही. २ नोव्हेंबरला ती गोळीनं मेली.

जवादीवरून त्याच कुळातला आपला कांडेचोर आठवतो. जांबोटी, कणकुंबीकडे जुन्या कौलारू घरात माळ्यावर हा असतोच. तिकडची माणसं सांगतात, माळ्यावरून सुवासिक भात शिजल्याचा वास आला की समजावं पाहुणा आलाय. हा प्रकार ऐकायला गंमतीचा असला तरी अशक्य नाही. बासमतीचा, आणि आपल्या बेळगाव बासमतीसारख्या वाणांचा, तो खास वास ज्या रेणूमुळं येतो त्याचं नाव दोन-ॲसिटिल-एक-पायरोलीन. हाच रेणू उदमांजराच्या एका मोठ्या भाऊबंदाच्या, ईशान्य भारतात आढळणाऱ्या बिंतुरोंगच्या मुतात २०१६ मध्ये सापडला. म्हणून बिंतुरोंगला मक्याच्या लाह्यांसारखा वास येतो. ताटातला दरवळ आणि जनावराची खूण एकच. नाकाला मूळ ठाऊक नसतं, हे बरंच आहे.

कांडेचोराला पिंजरा लावायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली त्याला संरक्षण आहे. मुंगसालाही. पिकलेली केळी आणि फणस माळ्याखाली टांगू नका, म्हणजे आपण होऊन मारलेली हाक बंद होईल. मग तो रात्री बाहेर गेला की कौलाची फट बुजवा. फक्त आत पिल्लं नाहीत ना, ते आधी बघा.

चिचुंद्रीचं तर मला आता वाईट वाटतं. ती उंदीर नव्हेच. तिचं तोंड लांबडं, खाणं झुरळं आणि किडे, फुकटात घर साफ करते. सुकटीच्या वासाला ती येते, कारण तिला मांसाचीच भूक. आकड्याला भाजलेले शेंगदाणे किंवा तुपातला तुकडा लावायला लागल्यापासून आमच्या पिंजऱ्यात चिचुंद्री क्वचितच आली. पेनसिल्व्हेनियातलं मांजर आणि शहापुरातली चिचुंद्री यांचा प्रश्न तोच आणि उत्तरही तेच निघालं. पिंजऱ्याला हात लावताना हातमोजे घाला एवढं मात्र सांगतो. माणसाचा वास लागेल म्हणून नव्हे, घरातला उंदीर आपल्याच वासात जन्मतो. लेप्टो नावाच्या आजारासाठी घाला, उंदराच्या मुतातून होतो तो.

भाच्याचा रॅकून चौथ्या रात्री मार्शमेलोवर आला. फोटो आला, पिंजऱ्यात कोपऱ्यात बसलेला, दोन्ही हात जाळीला धरून. त्यानं विचारलं, आता लांब जंगलात सोडू का? मी म्हटलं, आधी तिथल्या वनखात्याला फोन कर. तिकडे बऱ्याच राज्यांत रॅकून पकडून दुसरीकडे सोडायला मनाई आहे, आणि कारण कडू आहे. १९७० च्या दशकात शिकारीसाठी दक्षिणेकडून आणून सोडलेल्या रॅकूनबरोबर रेबीज व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनियाच्या भागात आला आणि तिथून साऱ्या पूर्व किनाऱ्यावर पसरला. आता तिथलं सरकार दरवर्षी विमानातून लाखो लसगोळ्या टाकतं. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांवर माशाच्या भुकटीचा थर असतो. रॅकून चावतो, आतली पिशवी फुटते, लस तोंडात पसरते. कॅनडात ओंटारियोत त्याच कामासाठी गोडसर वासाची गोळी वापरतात. इथं पिंजरा नाही, चाप नाही, नुसता वास आणि घास. मासा की गोड, हा भाच्याचा प्रश्न तिथं दोन्ही तऱ्हांनी सुटलाय.

खात्याची माणसं येऊन रॅकून घेऊन गेली. मग भाच्यानं दोन दिवस माळ्यावर कान लावून आणखी कोणी नाही याची खात्री केली आणि ज्या भोकातून तो येत होता त्याला पत्रा ठोकला.

आमच्या कोठीत सध्या पिंजरा भिंतीला लावून ठेवलाय, दार सुतळीनं उघडं बांधून. आज तिसरी रात्र. दारातले दाणे गेलेत, फळीवरचे दोन कुरतडलेत, आकड्याचा अजून जसाच्या तसा आहे. बायको म्हणते, तुम्ही त्याला जेवायला घालताय. सुतळी परवा सोडीन.